सफरचंदासाठी रुसलेली जेनी

मार्च १८३८. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात, जिराफांसाठी बांधलेल्या ऊबदार घरात, जेनी नावाची लहानगी ओरांगउटान मादी ठेवली होती. तिला पाहायला आलेला चार्ल्स डार्विन तेव्हा २९ वर्षांचा होता. रखवालदाराने जेनीला सफरचंद दाखवले, पण दिले नाही. झाले! बाईसाहेबांनी लोळण घेतली, पाय झाडले, भोकाड पसरले. ‘रडणे थांबव, शहाण्यासारखी वाग, मग देतो,’ असे रखवालदाराने सांगितल्यावर तिने मोठ्या कष्टाने हुंदके आवरले. सफरचंद हाती पडताच आरामखुर्चीत उडी मारून ती तृप्त चेहऱ्याने खात बसली. डार्विनने हे सारे बहिणीला, सुझनला, पत्रातून कळवले. रखवालदाराचा शब्द न शब्द जेनीला कळला, याबद्दल त्याला शंका नव्हती.

माणूस आणि वानर यांच्या शरीरांतले साम्य ही तोवर जुनी गोष्ट झाली होती. इंग्रज वैद्य एडवर्ड टायसनने १६९९ मध्ये चिंपांझीच्या पिल्लाचे विच्छेदन छापले आणि चक्क यादी दिली: ४८ बाबतींत माणसाच्या जवळ, ३४ बाबतींत माकडांच्या. सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या स्वीडिश लिनियसने १७५८ मध्ये माणसाला माकडांच्याच गणात बसवले. पण साम्य म्हणजे रक्ताचे नाते, असे दोघांनीही म्हटले नाही. शिवाय हाडे सारखी असली तरी मन माणसालाच, ही पळवाट उरलीच होती. म्हणून मला जेनीचा तो थयथयाट टायसनच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

डार्विनने मग दोन लहान ओरांगउटानांपुढे आरसा ठेवला. त्यांनी चकित होऊन पाहिले, प्रतिबिंबाकडे ओठ पुढे काढले, आरशाच्या मागे डोकावले आणि शेवटी चिडून पाहायचेच सोडले. ही हकीकत छापील पुस्तकात आली ती थेट १८७२ मध्ये. त्याच पुस्तकात संत्रे दाखवून काढून घेतल्यामुळे ओठ काढून बसलेल्या चिंपांझीचे चित्रही आहे.

उत्क्रांतीवरच्या १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात मात्र डार्विनने माणसाचा विषय एका वाक्यात उरकला. माणूस आणि वानर यांच्या नात्याचा वाद अंगावर घेतला त्याचा मित्र, जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली याने, १८६३ मध्ये. डार्विन सविस्तर बोलला १८७१ मध्ये. आदिमानवाचे जीवाश्म हाताशी जवळजवळ नव्हतेच, तरी गोरिला आणि चिंपांझी आफ्रिकेतले, तेव्हा आपले पूर्वजही बहुधा तिथलेच, असा तर्क त्याने मांडला. त्याला दुजोरा देणारी, ऑस्ट्रेलोपिथेकस या प्राचीन मानवसदृश प्राण्याची पहिली कवटी दक्षिण आफ्रिकेत टाउंगला मिळाली, ती १९२४ मध्ये.