मीठ मुबलक, पण सोडियमला जागा कुठे?

गोव्यात पेडण्यातल्या आगरवाड्याची मिठागरं पाहिली की सोडियम-आयन बॅटरी म्हणजे अगदी हातातली गोष्ट वाटते. आजच्या मोबाइल-गाड्यांच्या बॅटरीतल्या लिथियमचे साठे मोजक्याच देशांच्या ताब्यात आहेत, सोडियम तर समुद्रात हवं तेवढं. मग घोडं अडलंय कुठे? इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांच्या पदार्थांत.

बॅटरी चार्ज होताना आयन (विद्युतभार असलेले अणू) धन इलेक्ट्रोडमधून निघून ऋण इलेक्ट्रोडमध्ये शिरतात, वापरताना उलटे येतात. लिथियम-आयनची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम, तर सोडियमची १.०२. लिथियम ज्या ग्रॅफाइटमध्ये सहज मुक्काम करतो, तिथे सोडियम जेमतेम शिरतो. पण दोष नुसत्या आकाराचा नाही. सोडियमहूनही मोठा पोटॅशियम ग्रॅफाइटमध्ये शिरतो! सोडियम आणि ग्रॅफाइट यांचं संयुगच ऊर्जेच्या हिशेबात टिकत नाही.

यावर उपाय सापडला तो ‘हार्ड कार्बन’चा. यातले कार्बनचे थर वेडेवाकडे असतात, त्यांच्यातलं अंतर ग्रॅफाइटपेक्षा जास्त असतं आणि मध्ये बारीक पोकळ्या राहतात. २००० साली कॅनडात स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोज ऑक्सिजनविना तापवून असा कार्बन बनवला. त्यात दर ग्रॅमला सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास (साठलेला विद्युतभार मोजायचं एकक) एवढा सोडियम साठला. लिथियमसाठी ग्रॅफाइटची कमाल मर्यादा ३७२ आहे, म्हणजे फरक फार नाही.

हार्ड कार्बन नारळाच्या करवंटीपासूनही होतो, आणि गोव्यात करवंट्यांना तोटा नाही. मात्र करवंटीचा कोळसा म्हटला की आपल्याला पाण्याच्या फिल्टरमधला आठवतो, आणि बॅटरीला नेमका तो चालत नाही. फिल्टरच्या कोळशाची छिद्रं उघडी असतात. बॅटरीतलं द्रावण त्यांत घुसतं, पृष्ठभागावर विघटन पावून थर धरतं आणि पहिल्याच चार्जिंगमध्ये बराच सोडियम कायमचा अडकतो. इथे हव्यात बंद पोकळ्या: सोडियम आत जाईल, द्रावण बाहेर राहील. त्यासाठी करवंटीतले पोटॅशियमसारखे क्षार आम्लाने धुऊन काढतात आणि कोळसा ऑक्सिजनविना हजार अंशांच्या वर, कधी १,४०० सेल्सिअसपर्यंत तापवतात. तापमान वाढेल तशी उघडी छिद्रं मिटत जातात. फार वाढवलं तर थर ग्रॅफाइटसारखे जवळ येऊ लागतात आणि सोडियमची वाट अडते.

धन बाजूला मला सर्वांत आशा वाटते ती लोह आणि मँगनीजच्या थरदार ऑक्साइडची. महागड्या निकेल-कोबाल्टची गरजच नाही. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी अशा पदार्थातून दर ग्रॅमला सुमारे १९० मिलिअँपिअर-तास मिळवले. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यातल्या माणसाला हे दोन्ही धातू काही परके नाहीत.

या ऑक्साइडचा शत्रू म्हणजे दमट हवा. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड थरांमधला सोडियम बाहेर ओढतात. भुकटीच्या कणांवर सोडियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचं पुट चढतं. पुढे इलेक्ट्रोड बनवायला ती भुकटी चिकटद्रव्यात घोटायला घेतली की मिश्रण जेलीसारखं थिजतं, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर एकसारखं पसरतच नाही. शिवाय सोडियम निघताना थर एकमेकांवरून सरकतात आणि चार्ज-वापराच्या काही शे चक्रांत कणांना तडे जातात. मॅग्नेशियम किंवा टायटॅनियमचे थोडे अणू मिसळले तर हे सरकणं बरंच आवरतं, आणि कणांवर पातळ संरक्षक लेप दिला तर हवेचा मारा कमी होतो.

म्हणूनच गोव्यातल्या प्रयोगशाळांनी दमटपणाचा प्रश्न हाती घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या आषाढातल्या हवेत उघडी ठेवूनही टिकणारी भुकटी बनली, तर कारखान्यातल्या कोरड्या खोल्यांचा मोठा खर्च वाचेल.