एका अक्षराची शेपटी

तापाची साथ आली की व्हॉट्सअॅपवर एक जुना फॉरवर्ड पुन्हा फिरू लागतो: ‘ओ’ रक्तगटवाल्यांना कोविड होत नाही. त्याच्या जोडीला आता जनुक-चाचणीच्या जाहिरातीही आल्या आहेत. लाळेचा नमुना पाठवा, तुमची ‘इम्युनिटी’ किती ते रंगीत रिपोर्टमध्ये घरपोच मिळेल. दोन्हींच्या मुळाशी थोडं खरं विज्ञान आहे, आणि ते या दोन्हींपेक्षा कितीतरी रंजक आहे.

रक्तगटाचं आधी उरकून टाकू. २०२० मध्ये इटली आणि स्पेनमधल्या, श्वसन निकामी झालेल्या सुमारे दोन हजार कोविड रुग्णांचे जीनोम (म्हणजे सगळा जनुकसंच) तपासले गेले. निरोगी लोकांशी तुलना करता दोन जागा उठून दिसल्या. एक नवव्या गुणसूत्रावर, रक्तगट ठरवणाऱ्या जनुकापाशी. ‘ओ’ गटाला धोका जरा कमी आणि ‘ए’ गटाला जरा जास्त, एवढाच त्याचा अर्थ. फॉरवर्ड होताना त्यातला ‘जरा’ गळाला. ‘ओ’ गटाची माणसंही व्हेंटिलेटरवर गेली आणि दगावलीही.

दुसरी जागा तिसऱ्या गुणसूत्रावरची, आणि तिने जास्त खळबळ उडवली. हुगो झेबर्ग आणि स्वांते पाबो या जनुकशास्त्रज्ञांनी दाखवलं की गंभीर कोविडचा धोका वाढवणारा, डीएनएच्या सुमारे ५० हजार अक्षरांचा हा तुकडा आपल्याकडे निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाकडून आला आहे. क्रोएशियातल्या विंडिया गुहेत सापडलेल्या, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या हाडातल्या डीएनएशी तो जुळतो. युरोपात साधारण १६ टक्के लोकांकडे तो आहे, दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे, बांगलादेशात तर ६३ टक्क्यांकडे. झालं, ‘निम्म्या भारतीयांच्या रक्तात कोविडचा शाप’ छापाच्या बातम्या सुरू झाल्या. बनारसचे ग्यानेश्वर चौबे आणि हैदराबादचे कुमारसामी थंगराज या जनुकशास्त्रज्ञांच्या गटाने २०२१ मध्ये दक्षिण आशियातल्या लोकसमूहांत या तुकड्याचं प्रमाण आणि साथीतले मृत्यू ताडून पाहिले, तर दोहोंत संबंध दिसेना. युरोपातल्या आकडेवारीनुसारही हा तुकडा धोका वाढवतो तो साधारण १.६ पट. सत्तरी ओलांडलेल्या वयाचा धोका यापेक्षा कितीतरी मोठा. आणि गंमत अशी की हाच तुकडा बाळगणाऱ्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी असल्याचं झेबर्गनेच २०२२ मध्ये दाखवलं. मग याला चांगलं जनुक म्हणायचं की वाईट? रंगीत रिपोर्टमध्ये तो हिरव्या रकान्यात घालणार की लाल?

आता माझ्या आवडत्या जागेकडे येऊ: बारावं गुणसूत्र, ओएएस-१ नावाचं जनुक.

विषाणू पेशीत शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते. अॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान यांनी लंडनमध्ये १९५७ साली ती शोधली. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही. तो आजूबाजूच्या पेशींना सावध करतो, आणि त्या पेशी शेकडो जनुकं जागी करतात. त्यांतलंच एक ओएएस-१. याचं प्रथिन दुहेरी आरएनए शोधत असतं. आरएनए म्हणजे डीएनएवरून उतरवलेली कामचलाऊ प्रत; कोविडसारख्या विषाणूंचा तर सगळा मजकूरच आरएनएत असतो. निरोगी पेशीतला आरएनए बहुतांशी एकेरी असतो. लांबलचक दुहेरी आरएनए दिसला तर तो बहुधा विषाणूची नक्कल चालू असल्याचा पुरावा. असा आरएनए हाताला लागताच ओएएस-१ एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणारे) रेणू एकमेकांना जोडून छोट्या साखळ्या तयार करतं. नेहमीच्या आरएनएत जोड त्यातल्या शर्करांच्या तिसऱ्या आणि पाचव्या कार्बनमध्ये असतो, इथे मात्र तो दुसऱ्या आणि पाचव्या कार्बनमध्ये. म्हणूनच पेशी या साखळ्यांना स्वतःचा आरएनए समजत नाही, धोक्याचा इशारा समजते. हा इशारा आरएनेज-एल नावाच्या विकराला मिळतो. त्याचे दोन रेणू जोडीने एकत्र येतात आणि दिसेल तो आरएनए कापत सुटतात, विषाणूचा आणि पेशीचाही. प्रथिनांचा कारखाना बंद पडतो. पेशी मेली तरी बेहत्तर, पण विषाणूच्या प्रती निघता कामा नयेत.

इथपर्यंतचं बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. कोविडच्या निमित्ताने कळलं ते पुढचं.

जनुकावरून आरएनए उतरवला की त्यातले नको असलेले भाग कापून उरलेले जोडले जातात. कुठे कापायचं, हे त्या जागेवरची एक-दोन अक्षरं ठरवतात. ओएएस-१ मध्ये अशाच एका कापाच्या जागी काही लोकांकडे ‘जी’ हे अक्षर असतं, काहींकडे ‘ए’. ‘जी’ असेल तर कात्री बरोबर जागी चालते आणि पी-४६ नावाचं प्रथिन बनतं. ‘ए’ असेल तर कापाची जागा बिघडते आणि मुख्यतः पी-४२ बनतं. विषाणू ओळखण्याचा भाग दोघांतही तोच. फरक शेवटाला. पी-४६ च्या टोकाला सिस्टीन, थ्रिओनिन, आयसोल्युसिन, ल्युसिन ही चार अमिनो आम्लं या क्रमाने येतात. हा क्रम पाहून पेशीतली यंत्रणा सिस्टीनला एक तेलकट शेपटी जोडते. तेल पाण्यात राहायला नाखूश, म्हणून पी-४६ त्या शेपटीच्या जोरावर पेशीतल्या पटलांना, म्हणजे पातळ पडद्यांना, गोचिडीसारखं चिकटून बसतं. पी-४२ ला शेपटीच नाही, ते पेशीद्रवात मोकळं फिरत राहतं.

यात कोविडचा संबंध कुठे आला? तर कोविडचा विषाणू आपली नक्कल उघड्यावर काढत नाही. तो पेशीतलीच पटलं ओढून त्यांच्या दुहेरी भिंतींच्या पिशव्या तयार करतो आणि त्यांच्या आड आरएनएच्या प्रती काढतो. मोकळ्या फिरणाऱ्या पी-४२ ला तिथलं काही कळत नाही. पटलाला चिकटलेलं पी-४६ मात्र नेमकं त्याच जागी असतं, आणि विषाणूच्या आरएनएच्या अगदी सुरुवातीची वेटोळी पकडतं. रुग्णालयात दाखल झालेल्या ४९९ रुग्णांच्या नमुन्यांतही हेच दिसलं: शेपटीवालं प्रथिन बनवणाऱ्यांत आजार गंभीर होण्याचं प्रमाण कमी.

वटवाघळांकडे पाहिलं की चित्र आणखी खुलतं. हॉर्सशू जातीच्या वटवाघळांत कोविडच्या विषाणूचे नातलग राहतात. या वटवाघळांच्या पूर्वजांत कधीतरी एक भटका डीएनए तुकडा ओएएस-१ च्या टोकाशी घुसला आणि शेपटी जोडण्याची खूण पुसली गेली. म्हणजे या विषाणूंच्या पूर्वजांना शेपटीवाल्या ओएएस-१ शी कधी झुंजावंच लागलं नाही, त्याला चकवायची युक्ती त्यांनी शिकलेली नाही.

हे ‘जी’ अक्षर मूळचं, फार जुनं. आफ्रिकेत ते टिकून आहे. आफ्रिकेबाहेर पडलेल्या आपल्या पूर्वजांनी ते जवळजवळ गमावलं आणि पुन्हा मिळवलं ते निअँडरथलकडून. त्या बाराव्या गुणसूत्रावरच्या तुकड्याने अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. म्हणजे निअँडरथलने तिसऱ्या गुणसूत्रावर कोविडचा धोका दिला आणि बाराव्यावर संरक्षण. पण हा बाराव्यावरचा तुकडा बराच मोठा, त्यातलं खरं काम करणारं अक्षर कोणतं? त्याचा निकाल आफ्रिकी वंशाच्या रुग्णांनी लावला. त्यांच्याकडे निअँडरथलचा तुकडा नसताना नुसतं ते ‘जी’ होतं, आणि संरक्षण तेवढंच मिळत होतं. नुसते युरोपीय जीनोम तपासत बसलो असतो तर हे उलगडलं नसतं. भारतीय जीनोम तपासण्याचा आग्रह धरायचा तो यासाठी, अस्मितेसाठी नव्हे.

काढा, हळद-दूध, ‘इम्युनिटी बूस्टर’ गोळ्या यांपैकी कशानेही कापाच्या जागेवरचं अक्षर बदलत नाही. आणि प्रतिकार नुसता ‘वाढवून’ भागतही नाही. सुरुवातीच्या दिवसांत इंटरफेरॉन वेळेवर आला नाही आणि मागाहून दाह अनावर झाला, की फुप्फुसं कामातून जातात. म्हणूनच अत्यवस्थ रुग्णांना दाह आवरणारी डेक्सामेथॅसोन, बॅरिसिटिनिबसारखी औषधं उपयोगी पडली.

वर सांगितलेले सगळे फरक काही टक्क्यांचे, फार तर दीड-पावणेदोन पटीचे. पण क्वचित एकच जनुक सगळा निकाल लावतं. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या दोन कुटुंबांतले चार तरुण, दोन-दोन भाऊ, आधी धडधाकट असूनही कोविडने अतिदक्षता विभागात पोचले. त्यांतला एक वाचला नाही. चौघांतही टीएलआर-७ जनुक निकामी होतं. विषाणूचा आरएनए ओळखून इंटरफेरॉन सोडायला लावणारं हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि पुरुषांकडे एक्स एकच. पुढे मोठ्या पाहणीत, साठीच्या आतल्या अत्यवस्थ पुरुषांपैकी शंभरात एक-दोघांत हाच दोष सापडला.

जनुक-चाचणीला अर्थ आहे तो अशा ठिकाणी. घरातली तरणीताठी मुलं साध्या फ्लूने किंवा कोविडने एकामागून एक व्हेंटिलेटरवर जात असतील, तर जाहिरातीतल्या किटवर पैसे घालवू नयेत. डॉक्टरांना जन्मजात प्रतिकारदोषाबद्दल थेट विचारावं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. अशा दोषांचं निदान तिथे होतं.