घोटा ते कंबर: बॅलेच्या घागऱ्याची दीडशे वर्षं

बॅले कंपन्यांच्या कपडेपटात टुटू, म्हणजे नर्तकींचे जाळीचे ताठ घागरे, साध्या झग्यासारखे टांगत नाहीत. ते उलटे लटकवतात, नाहीतर एकावर एक आडवे रचतात. सरळ टांगले तर जाळीचे थर हळूहळू खाली झुकतात आणि ताठ चकतीचा गबाळा झगा होतो. एका टुटूत असे दहा-बारा थर असतात. सगळ्यांत खालचा जेमतेम बोटभर रुंद, त्यावरचा जरा मोठा, असं करत सर्वांत वरचा जवळजवळ हातभर. मधे पोलादी तारेचं कडं, आणि थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून सैल टाके. चोळीच्या पाठीला हुकांसाठी दोन-तीन रांगा, कारण आज हिने घातलेला टुटू पुढच्या हंगामात दुसरीच्या अंगावर जातो. आतल्या पट्टीवर एकीखाली एक नावं शाईने लिहिलेली सापडतात.

हा पोशाख इतका तोकडा कसा झाला, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे फॅशन बदलली. मला ते अपुरं वाटतं. बॅलेच्या घागऱ्याला कात्री लागली ती बहुतेक वेळा पायांमुळे. नवं काहीतरी पायांना जमू लागलं आणि ते कापडाखाली झाकून ठेवणं नाचणारीच्या जिवावर आलं.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. 1653 मध्ये चौदा वर्षांचा चौदावा लुई सूर्य बनून नाचला, तेव्हा नर्तक म्हणजे दरबारीच. दरबारी कपडे, त्यावर टोप, मुखवटे, टाचेचे बूट. पुरुषांच्या कमरेलाही कडक घेराचा आखूड झगा असे. पॅरिसच्या ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या 1681 मध्ये; तोवर तिथेही स्त्रीपार्टी पुरुषच करत. बायका आल्या, पण जमिनीला टेकणाऱ्या घागऱ्यांत आणि कमरेभोवतीच्या सांगाड्यांत. उड्या आणि पायांची करामत पुरुषांकडेच राहिली.

ती मक्तेदारी मोडली मारी कामार्गोने. 1726 मध्ये पॅरिसच्या मंचावर आलेली ही मुलगी उडी घेऊन हवेतच पाय कैचीसारखे झरझर फिरवायची. घागरा लांब असेल तर प्रेक्षकाला काय दिसणार? तिने तो घोट्याच्या वर घेतला. फरक काही बोटांचाच, पण केवढी चर्चा झाली! तिची प्रतिस्पर्धी मारी साले हिने 1734 मध्ये लंडनमध्ये वेगळीच वाट धरली. सांगाडा नाही, टोप नाही. साधी मलमल आणि मोकळे केस.

पुढे 1832 मध्ये 'ला सिल्फीद'मध्ये मारी टाल्योनी चवड्यांच्या टोकावर तरंगत आली. तिचा पांढरा, घंटेसारखा, पोटरीपर्यंतचा घागरा हा आजही 'रोमँटिक टुटू' म्हणून ओळखला जातो. वनदेवता म्हटल्यावर कापड वाऱ्यासारखं हवं. ढाक्याच्या विणकरांनी जगाला ज्या तलमपणाचं वेड लावलं, तशी मलमल आता युरोपातल्या गिरण्याही विणत होत्या. मंचावर गॅसचे दिवे आले होते. त्या उजेडात ते थर धुक्यासारखे दिसत.

आणि पेटतही तसेच. हलकं सुती कापड, थराथरांत कोंडलेली हवा आणि शेजारी उघडी ज्योत. लंडनमध्ये 1844 साली क्लारा वेबस्टर भर प्रयोगात पेटली आणि वाचली नाही. फ्रान्समध्ये 1859 मध्ये फर्मान निघालं, की मंचावरचं कापड आगरोधक द्रावणात बुडवलेलं असलं पाहिजे. उपाय होता, पण कापड कडक आणि मळकट होई. टाल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने तसा घागरा घालायला नकार दिला. जबाबदारी माझी, असं तिने लेखी कळवलं.

15 नोव्हेंबर 1862. तालीम चालू होती. लिव्रीने घागरा फुलवला आणि कापड गॅसच्या ज्योतीला लागलं. ती घाबरून मंचभर धावली, त्याने आग आणखी भडकली. आठ महिने ती वेदनांत जगली आणि 1863 च्या जुलैत गेली, अवघ्या वीस वर्षांची. दोनच वर्षांपूर्वी टाल्योनीने तिच्यासाठी बसवलेल्या बॅलेत ती फुलपाखरू होती, मशालीवर पंख जळणारं. तिच्या त्या घागऱ्याचे जळके अवशेष पॅरिसमध्ये ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. तिला हट्टी म्हणणं सोपं आहे. पण कडक घागऱ्यात तरंगायचं कसं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मग इटालियन नर्तकी आल्या, पोलादासारख्या पायांच्या. व्हर्जिनिया झुक्कीने 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये लांब घागरा नाकारला. 1895 च्या 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. त्या मोजायला मांडीपर्यंतचा पाय दिसायलाच हवा. घागरा गुडघ्यावर, मग कमरेला आडवा.

पुरुषांनाही हे सहज मिळालं नाही. 1911 मध्ये रशियन नर्तक निजिन्स्की सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात 'जिझेल' या बॅलेत टाइट्सवर घालायची तुमान न घालता उतरला. रशियाची राजमाता समोर बसलेली. थिएटरने त्याला काढून टाकलं.

पॅरिस गाजवणाऱ्या दियागिलेव्हच्या रशियन बॅले कंपनीपाशी मात्र माझं म्हणणं जरा लंगडं पडतं. 1910 च्या 'शेहेराजाद'मधले चित्रकार बाक्स्टचे भडक रंग आणि सैल सलवारी पाहून पॅरिसच्या श्रीमंत बायका तसेच कपडे शिवून घेऊ लागल्या, आणि 1924 च्या 'ल त्रँ ब्ल्यू'साठी तर फॅशनच्या दुनियेतल्या खुद्द शनेलने पोहण्याचे विणलेले पोशाख केले. इथे पायांपेक्षा शिंपीच पुढे होता.

न्यू यॉर्कचा नृत्यरचनाकार बॅलनशिन याने पुन्हा पायांची बाजू घेतली. 'द फोर टेंपरामेंट्स'चे 1946 मधले अवजड पोशाख 1951 मध्ये काढून टाकून त्याने नर्तकांना तालमीच्या कपड्यांत उभं केलं. त्यातल्या अंगाला घट्ट बसणाऱ्या एकसंध पोशाखाचं लिओटार्ड हे नाव आलं झूल्स लेओटार या सर्कशीतल्या झुलेवाल्यावरून.

कापड कमी होत गेलं तसा कातडीच्या रंगाचा प्रश्न उघडा पडला. गुलाबी टाइट्स, गुलाबी साटिनचे बूट, हे 'अंगाच्या रंगाचे' मानले गेले. कुणाच्या अंगाच्या, हे कुणी विचारलं नाही. न्यू यॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने 1970 च्या दशकात प्रत्येक नर्तकीच्या वर्णाला जुळणारे टाइट्स आणि बूट मंचावर आणले. पण लंडनच्या 'फ्रीड' या बूट बनवणाऱ्या कंपनीने तपकिरी पॉइंट शूज, म्हणजे टोकावर उभं राहायचे कडक बूट, बाजारात आणायला 2018 उजाडलं. तोपर्यंत काळ्या आणि सावळ्या मुली चेहऱ्याला लावायचं फाउंडेशन स्पंजवर घेऊन नवे बूट रंगवत होत्या: आधी साटिन, मग नाड्या, वाळल्यावर पुन्हा एक हात. आणि असा बूट कधीकधी एका प्रयोगातच मऊ पडून निकामी होई.