ब्रिटनच्या व्हिसासाठी पगाराची अट: आकडा चढत कसा गेला

यवतमाळ, वाशीमकडच्या खेड्यांत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेल्या मुलीच्या घरी आता ब्रिटनच्या नोकरीचा विषय निघतो. एजंट पगाराचा मोठा आकडा सांगतो आणि वावर गहाण टाकायची बोलणी सुरू होतात. बरेचदा तो आकडा हाती पडणारा पगार नसतोच. व्हिसा मिळण्यासाठी सरकारने घातलेली ती अट असते.

ब्रिटनने 2008 मध्ये नोकरीच्या व्हिसासाठी गुणांवर आधारित पद्धत आणली. कंपनीने आधी परवाना काढायचा, मग परदेशी माणसाला स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘याला आम्ही कामावर घेतोय’ अशी नोंद, द्यायचं. स्वस्तात माणसं आणून तिथल्या लोकांचे पगार पाडू नयेत, म्हणून किमान पगार ठरवला गेला. पुढे येणाऱ्यांची संख्या रोखायलाच तो जास्त वापरला गेला, असं माझं मत आहे. अनुभवी कामगारासाठी वर्षाला 20,800 पौंडांची अट 2017 च्या एप्रिलपर्यंत 30,000 वर गेली.

ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, माणसांची चणचण भासली, तेव्हा हीच अट खाली आली. डिसेंबर 2020 पासून 25,600 पौंड, कामाच्या पातळीची अटही पदवीवरून बारावीच्या आसपास. फेब्रुवारी 2022 मध्ये वृद्धांची देखभाल करणाऱ्यांना तर 20,480 पौंडांवर दार उघडलं. एजंटांचं फावलं ते इथेच. लाखो रुपये भरून गेलेल्या कितीतरी जणांना तिथे कामच मिळालं नाही. कर्ज मात्र खरं होतं, आणि ते इकडे आईबापाच्या नावावर होतं. याची चीड येते.

मग दार लागत गेलं. मार्च 2024 पासून देखभाल कामगारांना कुटुंब नेता येईना. 4 एप्रिलला सर्वसाधारण अट 38,700 झाली, 22 जुलै 2025 ला 41,700. त्याच दिवशी काम पदवीच्या पातळीचं असण्याची अट परत आली आणि परदेशातून नवे देखभाल कामगार घेणं बंद झालं. नर्सचं वेगळं आहे: तिला सरकारी वेतनश्रेणी लागू होते, किमान 25,000 पौंड. शेजारच्या गावातला मुलगा 2022 मध्ये ज्या आकड्यावर गेला, तो आज चालत नाही.

ओव्हरटाइम या हिशेबात धरत नाहीत. आणि 31 डिसेंबर 2024 पासून दिलेल्या प्रमाणपत्राची फी कंपनीनेच सोसायची आहे. ती कामगाराकडून वसूल करायला तिथे मनाई आहे. ‘सर्टिफिकेटचे पैसे’ म्हणून कोणी मागत असेल, तर वावराचा सातबारा बाहेर काढू नका.