टेम्पो नंतर बुक करा, आधी रात्रीची जागा दाखवा

इलेक्ट्रिक पिकअप घेणाऱ्या (किंवा घेऊन बसलेल्या) आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणारा टेम्पोमालक आधी विचारतो, "एका चार्जमध्ये किती चालते?" मग विचारतो, "चार्ज व्हायला वेळ किती?" आम्ही उलट विचारतो, "शेठ, रात्री गाडी लावता कुठे?" बहुतेकांचं उत्तर असतं, "रस्त्यावर, जिथे जागा मिळेल तिथे." खरी अडचण तिथेच आहे. मुंबईत वीज सगळीकडे पोचली आहे. तुमच्या हक्काचं बटण आणि त्याच्यासमोर सात तास गाडी उभी करायची जागा, हे दोन्ही एका ठिकाणी सापडणं मुश्कील.

आम्ही कुर्ला-साकीनाका पट्ट्यातले वायरिंगवाले. गाळ्यांची वायरिंग, मीटर बोर्ड, मोटारीची पॅनेलं हे आमचं जुनं काम. चार्जिंग पॉइंट बसवायला लागलो ते ग्राहकांनी गाड्या आणल्या म्हणून. गाडी विकून आम्हाला कमिशन मिळत नाही, त्यामुळे पुढचं सगळं मोकळेपणाने लिहिलं आहे.

आकडे आधी समजून घ्या

छोटा हाथी, म्हणजे टाटा एस, सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून त्याचाच हिशेब मांडतो. टाटा एसचं इलेक्ट्रिक मॉडेल मे २०२२ मध्ये आलं. बॅटरी २१.३ युनिटची (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, बिलावर येतं तेच), भार ६०० किलो, प्रमाणपत्रावरची रेंज १५४ किलोमीटर. पुढे एक टन भार घेणारं मॉडेलही आलं. महिंद्राची झिओ २०२४ मध्ये आली, तिच्या मोठ्या बॅटरीची क्षमताही २१.३ युनिटच.

१५४ हा आकडा चाचणीतला. माल भरून सायन-पनवेल हायवेच्या ट्रॅफिकमध्ये आणि घोडबंदरच्या गायमुखच्या चढावर तो मिळत नाही. आम्ही शंभर किलोमीटर धरून चालतो. त्यावर मिळाले तर तो बोनस समजा. बॅटरी पूर्ण भरताना मीटरवर साधारण २४ युनिट पडतात, कारण थोडी वीज चार्जरमध्ये उष्णता होऊन जाते. तुमच्या बिलातल्या एका युनिटचा सगळे आकार धरून पडणारा दर घ्या आणि २४ ने गुणा. दहा रुपये दर असेल तर शंभर किलोमीटरला २४० रुपये. डिझेलचा हिशेब तुम्हाला आमच्यापेक्षा पाठ आहे.

आता वेळ. घरातल्या गिझरसाठी असतो तशा १६ अँपिअरच्या पॉइंटवरून गाडी साधारण ३.३ किलोवॅटने वीज घेते. पूर्ण रिकामी बॅटरी भरायला साडेसात-आठ तास लागतात. मात्र रोज गाडी पूर्ण रिकामी होऊन येत नाही. ड्रायव्हरने रात्री साडेदहाला वीस टक्के शिल्लक असताना गाडी लावली आणि पहाटे चारला वाशी मार्केटसाठी काढली, तरी साडेपाच तासांत ती पंचाण्णवच्या आसपास पोचलेली असते. म्हणजे साध्या पॉइंटवरही मुंबईतला धंदा होतो. फक्त तो पॉइंट तुमचा हवा आणि रात्रभर तुमच्याच ताब्यात हवा.

"मोठा चार्जर लावा, दुप्पट वेगाने भरू दे" अशी मागणी वरचेवर येते. भिंतीवरचा डबा ७.४ किलोवॅटचा लावता येतो, पण एसी चार्जिंगमध्ये, म्हणजे साध्या लाइनवरून गाडी भरताना, विजेचं रूपांतर गाडीच्या आत बसवलेला चार्जर करतो. तो ३.३ चा असेल तर भिंतीवर काहीही लावा, गाडी ३.३ च घेणार. दोन इंची पाइपाला अर्धा इंची नळ जोडल्यासारखं आहे ते. पैसे देण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत तो आकडा शोधा, किंवा पुस्तिका आमच्याकडे घेऊन या.

गिझरचा पॉइंट आणि गाडीचा पॉइंट

हा भाग घाईत वाचू नका.

गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी सात-सात तास सलग १४-१५ अँपिअर ओढते, तेही रोज. बोर्डामागचा एक स्क्रू जरा सैल असेल तर गिझरला फरक पडत नाही. गाडीच्या बाबतीत त्याच सैल जोडात तासन्‌तास उष्णता साठते, आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं, मग वास येतो. असे वितळलेले सॉकेट आमच्या दुकानात एका डब्यात ठेवले आहेत. ज्याला "चालतंय की" वाटतं त्याला तो डबा उघडून दाखवतो.

म्हणून आमच्या पद्धतीत गाडीला मीटर बोर्डापासून स्वतंत्र लाइन असते. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच; टाइप ए, स्वस्तातला टाइप एसी नव्हे) आणि धातूच्या पेटीतलं इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. खिडकीतून सोडलेली वायर तर मुळीच नाही. पहिल्या आठवड्यात रोज रात्री, चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगला हाताचा पालथा भाग लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर एमसीबी पाडा आणि आम्हाला बोलवा.

अर्थिंगबद्दल तर हात जोडून सांगतो. जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत अर्थिंग नावालाच असतं. गाडीचा चार्जर ते ओळखतो, लाल दिवा लावतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. मग एखादा हुशार वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. दिवा हिरवा होतो, मालक खूश, वायरमन दोनशे रुपये घेऊन जातो. पण पुढे कधी न्यूट्रल तुटली तर गाडीची सगळी बॉडी करंटवर येते. गाडी रबराच्या टायरवर उभी असल्यामुळे ते कळतही नाही. पहाटे पावसात ओल्या चपलांनी उभा राहून हौद्याची कडी उघडणाऱ्या हमालाला ते पहिल्यांदा कळतं. असा जोड आम्ही करत नाही, कोणी केलेला दिसला तर तो काढल्याशिवाय पुढचं काम करत नाही. यावरून दोन ग्राहक आमच्यावर रुसले, त्याचं वाईट वाटत नाही.

पाऊस

इथे आमचीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका गाळ्यात बाहेरच्या भिंतीवरून पाइप नेला आणि त्याचं तोंड वर ठेवलं. जूनमध्ये रोज रात्री दोनच्या सुमारास आरसीसीबी पडायचा आणि सकाळी गाडी चाळीस टक्क्यांवर. मालक गाडीला शिव्या घालायचा. आम्ही दोनदा आरसीसीबी बदलला. शेवटी पाइप उघडला तर त्यातून तांब्याभर पाणी निघालं. आरसीसीबी आपलं काम इमानदारीत करत होता. आता आम्ही पाइपाचं तोंड खाली वळवतो आणि सॉकेटवर पत्र्याची छपरी देतो.

मिठी नदीच्या काठच्या कितीतरी गाळ्यांत भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पुराची खूण आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. बोर्ड त्या खुणेच्या वर नेणं दर वेळी जमत नाही, पण निदान कमरेच्या वर तरी हवा, आणि लाइनचा मुख्य स्विच माळ्यावर किंवा जिन्याजवळ. गाळ्यात पाणी शिरताना दिसलं की आधी तो स्विच पाडायचा, मग माल उचलायचा.

बॅटरीच्या पेटीवर "आयपी ६७" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी जात नाही. ही चाचणी नव्या पेटीची, स्वच्छ स्थिर पाण्यातली. हिंदमाताचं किंवा मिलन सबवेचं तुंबलेलं पाणी स्वच्छही नसतं आणि स्थिरही. गाडी तशा पाण्यातून गेली असेल तर त्या रात्री लगेच प्लग लावू नका. चार्जिंगच्या तोंडाचं झाकण उघडून ते कोरडं आहे का बघा, शंका असेल तर सर्व्हिस सेंटरला दाखवा. भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकमधून मासळी वाहणाऱ्यांनी त्या तोंडाच्या पिना महिन्यातून एकदा तरी नीट पाहाव्यात. खारं पाणी पितळसुद्धा खातं.

बाहेरचा फास्ट चार्जर

तो आहे, उपयोगी आहे, पण त्याच्या भरवशावर धंदा उभा करू नका. सगळ्यात मोठी अडचण उंचीची. शहरातले बरेच फास्ट चार्जर मॉलच्या किंवा ऑफिसच्या बेसमेंटमध्ये आहेत, आणि तिथल्या आडव्या दांड्याखालून कंटेनर बॉडीचा टेम्पो जात नाही. जिथे जातो तिथे वॉचमन "कमर्शियल गाडी नको" म्हणतो. हिरव्या पाटीवरची पिवळी अक्षरं त्याला लांबूनच कळतात.

मग प्लगचा प्रश्न. चारचाकींसाठी सीसीएस-२ हा प्लग आता रूढ आहे, पण तीनचाकी मालवाहू गाड्यांचे प्लग वेगळे असू शकतात, आणि काही छोट्या मॉडेलना डीसी फास्ट चार्जिंगची सोयच नसते. गाडी घेताना "फास्ट चार्जिंग आहे का" एवढं विचारून भागत नाही. "कोणत्या प्लगने, जास्तीत जास्त किती किलोवॅट" हे लेखी घ्या. बाहेरचा दर तुमच्या गाळ्यातल्या युनिटपेक्षा बराच जास्त असतो, वर १८ टक्के जीएसटी.

फास्ट चार्जरवर ऐंशी टक्के झाले की गाडी काढा. दादरला रिकामी लोकल लागली की पहिले लोक पळत चढतात, शेवटचे दहा जण दारातच धक्काबुक्की करत राहतात. बॅटरीतही शेवटचे वीस टक्के तसेच रेंगाळतात. रात्रीच्या साध्या चार्जिंगची गोष्ट वेगळी. तिथे पूर्ण भरू द्या. यातल्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असते, आणि ती अधूनमधून शंभर टक्के भरली तरच मीटरवरचे टक्के खरे दाखवते.

माल भरताना मिळणारा वेळ वापरता येतो. भिवंडीच्या गोदामात हमाल पाऊण तास घेत असतील आणि तिथे पॉइंट असेल, तर ३.३ वर दहा-एक किलोमीटर हाताशी येतात. थोडेच, पण परतीच्या फेरीत ठाण्याला पोचेपर्यंत छातीत धडधडत नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या इलेक्ट्रिक पिकअपचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात, ट्रेलर जोडला की रेंज निम्मी होते वगैरे. त्यात तथ्य आहे, पण ते दुखणं आपलं नाही. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटची, आपल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर ती भरायला चाळीस तासांच्या वर लागतील. आपला टेम्पो त्या मानाने पोरगं आहे, रात्री पाजलं की सकाळी खेळतं.

मीटर, लोड आणि सोसायटी

चार्जिंगचा व्यवसाय करायला वेगळं लायसन्स लागत नाही, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या किंवा ऑफिसच्या चालू कनेक्शनवरही स्वतःची गाडी चार्ज करता येते. राज्यात चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा दरगट आहे. तुमची वीज बेस्टची, अदानीची, टाटाची की महावितरणची, त्यावर दर आणि अर्जाची पद्धत ठरते. एकच टेम्पो असेल तर वेगळ्या मीटरच्या मागे लागू नका, असं आमचं मत. तीन किंवा अधिक असतील तर जरूर विचार करा.

आधी बिलावरचा मंजूर भार बघा. पाच किलोवॅटच्या गाळ्यात दिवसा लेथ आणि रात्री एक टेम्पो, हे जमतं. दोन टेम्पो एकदम लावले की ६.६ होतात. मग एक दहाला आणि दुसरा तीनला लावा, किंवा भार वाढवून घ्या. "रात्री वीज स्वस्त" हे जुनं गणितही तपासून घ्या. २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि सवलत दिवसाच्या सौर तासांकडे वळवली. दहा किलोवॅटच्या वरच्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना तो बदल थेट लागू होतो. संध्याकाळची वीज मात्र महागच. गाडी आल्या आल्या सातला प्लग लावायची घाई करू नका.

टोलबद्दल एक गैरसमज. अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना २०२५ पासून मिळालेली माफी कार आणि बससाठी आहे, मालवाहू गाड्यांना नाही. पुण्याचं भाडं ठरवताना ती रक्कम धरा.

इस्टेटीच्या सोसायटीकडून एनओसी घेताना आमचं वायरिंगचं रेखाचित्र आणि परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट सोबत द्या. कमिटीची भीती बहुतेक वेळा आगीची असते, आणि कागदावर एमसीबी-आरसीसीबी दिसले की निम्मी कमी होते. उरलेली भीती "मग सगळेच मागतील" ही असते. तिच्यावर आमच्याकडे उपाय नाही.

पाहणीला बोलावताना गेल्या महिन्याच्या बिलाचा फोटो, रात्री गाडी लावता त्या जागेचा फोटो आणि गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाचा फोटो पाठवा. पाहणीचे पैसे घेत नाही. आणि मीटर रूमची किल्ली सेक्रेटरीकडून आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, तिच्यापायी आमच्या दर महिन्याला दोन-चार फेऱ्या फुकट जातात.