सैल पडण्याचाही हुकूम लागतो

चेतातंतूचा हुकूम आला की स्नायू आवळतो आणि हुकूम थांबला की सैल पडतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. दंडाच्या स्नायूपुरती ती ठीक आहे. पण अन्ननलिका जठराला मिळते तिथलं अनैच्छिक स्नायूंचं कडं बघा. ते एरवी आवळलेलंच असतं, म्हणून तर जठरातलं आम्ल वर चढत नाही. घास गिळला की ते काही सेकंद उघडतं आणि त्यासाठी चेतापेशीला ‘सैल हो’ असा निरोप मुद्दाम धाडावा लागतो. हा निरोप म्हणजे चक्क एक वायू, नायट्रिक ऑक्साइड. (भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड निराळा.)

बहुतेक चेतापारेषक (चेतापेशींचा निरोप नेणारी रसायनं) चेतापेशीच्या टोकाशी इवल्या पिशव्यांत भरून ठेवलेले असतात. हा वायू पेशीपटलातून आरपार जातो, मग पिशवीत कोंडणार कसा? तो लागेल तेव्हा ताजाच बनवावा लागतो. संदेश आला की टोकात कॅल्शियम शिरतं, ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि ही जोडी एका विकराला (एन्झाइमला) कामाला लावते. ते विकर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्याचं आयुष्य काही सेकंदांचं, पण स्नायूपेशी शेजारीच असते. तिच्या पृष्ठभागावरच्या, निरोप झेलणाऱ्या ग्राहीची (रिसेप्टरची) त्याला गरज नाही. तो थेट आत शिरतो आणि ग्वानिलिल सायक्लेज या विकरातल्या हीम या घटकाच्या लोहाला चिकटतो. मग सायक्लिक जीएमपी हे पेशीच्या आत निरोप पोचवणारं रसायन वाढतं, त्यामुळे प्रोटीन कायनेज-जी हे आणखी एक विकर चालू होतं, पेशीतलं मोकळं कॅल्शियम घटतं, मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावरचा फॉस्फेट निघतो आणि अ‍ॅक्टिन या जोडीदार प्रथिनावरची मायोसिनची पकड सुटते.

चेतापेशींमधल्या या विकराचं जनुक 1993 मध्ये उंदरांत निकामी केलं गेलं. मेंदू वरकरणी ठाकठीक होता, जठरं मात्र फुगली, कारण जठराचं खालचं दार नीट उघडेना. माणसात अन्ननलिकेच्या कड्यातल्या या चेतापेशी मेल्या तर गिळलेलं अन्न वरच अडकतं. त्या विकाराला अकॅलेशिया म्हणतात.

रक्तवाहिन्यांत हाच वायू चेतापेशींऐवजी मुख्यतः आतल्या अस्तरातून येतो. त्या शोधमालिकेसाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. लिंगाच्या ताठरतेसाठी घेतात ती सिल्डेनाफिलची गोळी (व्हायग्रा) सायक्लिक जीएमपीचा नाश रोखते. वायू तयार करणं हे तिचं काम नव्हे, म्हणून चेतातंतूंचा संदेशच आला नाही तर गोळीचा उपयोग नाही. हृदयविकारावरच्या नायट्रोग्लिसरिनसोबत ती घेतली तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.

‘नायट्रिक ऑक्साइड बूस्टर’ म्हणून आर्जिनिनची भुकटी विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत. निरोगी पेशीत या विकराला पुरून उरेल इतकं आर्जिनिन बहुधा आधीच असतं.