पहाटे चारचं पाणी

शेततळ्यातली मासळी बहुधा पहाटे मरते. आदल्या संध्याकाळी खाद्यावर तुटून पडलेले कटला-रोहू सकाळी पांढरी पोटं वर करून तरंगत असतात, आणि कोणीतरी तळ्यात औषध टाकलं अशी कुजबुज गावात सुरू होते. तसंही कधी घडतं. पण आधी मेलेले मासे नीट बघावेत. मोठे मेले, बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं जगली आणि सगळं उजाडण्याआधी घडलं, तर पहिला संशय ऑक्सिजनवर घ्यावा.

30 अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषणातून त्यात भर घालतं. दिवस मावळला की तेच शेवाळ, मासे आणि तळाच्या गाळातले जिवाणू मिळून तो संपवू लागतात. ही पातळी 3 च्या खाली आली की मासे पृष्ठभागाशी तोंडं काढून हवा गिळू लागतात. श्रावणात सलग दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं राहिलं, तर दिवसाची कमाई घटते आणि रात्रीचा खर्च मात्र तसाच राहतो. म्हणूनच दुपारी मीटर बुडवून आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. मोजायचं ते सूर्योदयाच्या आधी.

पण हा घात अचानक होत नाही, तो आधीचे कित्येक आठवडे खाद्याच्या पोत्यातून तयार होत असते. तळ्यात एक टन मासा असेल, तर वजनाच्या 2 टक्क्यांनी रोज 20 किलो खाद्य पडतं. त्यात 28 टक्के प्रथिनं धरली तर नायट्रोजन होतो सुमारे 900 ग्रॅम. माशाच्या अंगी लागतो त्यातला पाव ते तिसरा हिस्सा. उरलेला 600 ग्रॅमच्या वर नायट्रोजन रोज पाण्यात जातो, बराचसा अमोनिया होऊन. त्यावर शेवाळ माजतं. माजलेलं शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू, म्हणजे पाण्याचा pH, वर चढतो. 25 अंशांच्या पाण्यात सामू 7 असताना अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, 9 झाला की तो जवळपास एक तृतीयांश होतो. म्हणजे दुपारी अमोनिया, पहाटे गुदमर. मासा लवकर वाढावा म्हणून टाकलेली जादा मूठ दोन्हींच्या मुळाशी असते.

उपाय साधे आहेत, अंगावर येतो तो त्यांचा कंटाळा. पांढरी-काळी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची. 20 सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झालं. मग खाद्य आणि शेणखत थांबवायचं. पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर मध्यरात्रीनंतर चालवायचा, आणि वीज जाणारच असं धरून डिझेल इंजिन तयार ठेवायचं. ऐनवेळी काहीच नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उंचावरून फवारत पाडावं. मोठे मासे आधीच थोडे थोडे विकून भार हलका करणं मला विम्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. माशांचं बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावं. थाई मांगूर या परदेशी माशाच्या नादी तर लागूच नये, त्याच्या पालनावर बंदी आहे.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्रातली बहुतेक प्लास्टिक अस्तराची शेततळी द्राक्ष-डाळिंबासाठी खोदलेली. मासा त्यातलं दुसरं पीक. 30 मीटर लांब-रुंद, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराचं तळं भरलं की सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. मे महिन्यात बागेला देऊन पाणी एक मीटरवर आलं की उरतं सव्वासहा लाख. मासे तेवढेच, उलट वजनाने वाढलेले, आणि पाणी तापलेलं. बोटुकली सोडताना भरल्या तळ्याचा हिशेब धरला असेल, तर आता दाटी साडेतीनपट झालेली असते. एकतर बीज मेमधल्या पाण्याच्या मापाने सोडावं, नाहीतर मार्चअखेर अर्धा माल काढून बाजार दाखवावा, भाव मनासारखा नसला तरी.